पाणीच तर आहे

मागच्या महिन्यात शिरूरला घरी गेलो होतो, तेव्हा बरेच दिवस टाळत आलेलं एक काम उरकलं. गाडीचं कूलंट बदललं. गॅरेजमध्ये नाही, स्वतः, घरासमोरच्या अंगणात. एक पकड, एक स्क्रू-ड्रायव्हर, आईने सोडून दिलेलं एक घमेलं आणि रिकामे कॅन, बस्स.

सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना टाकीचं झाकण काढलं (गरम असताना काढायचं नसतं, हे तुम्हाला माहीत असेलच, नसेल तर आत्ता लक्षात ठेवा). मग रेडिएटरच्या खालच्या होसची क्लिप सैल केली. भसाभसा घमेल्यात जे पडलं ते लाल असायला हवं होतं. पडला तो चहा. तळाला गंजाचा गाळ आणि पांढरट कण. गाडी सेकंडहँड आहे. आधीच्या मालकाने कधीतरी नळाचं पाणी ओतलं असणार आणि मागच्या उन्हाळ्यात आमच्या अप्पांनीही दोनदा बोअरचं पाणी घातलं होतं, हे त्यांनी तिथेच उभं राहून कबूल केलं.

"आरं, येवढं काय त्यात? पाणीच तर हाय."

या वाक्याला उत्तर द्यायला गेलो आणि दोन-तीन रविवार त्यातच गेले. झालं ते असं.

पहिली गोष्ट, अप्पा अगदीच चुकीचे नाहीत. उष्णता वाहून न्यायला पाण्यासारखं दुसरं काही स्वस्तात मिळत नाही. ढोबळमानाने इंधनातली एक तृतीयांश ऊर्जा इंजिनाच्या थंडाईच्या पाण्यात जाते, आणि एक लिटर पाणी एक अंश तापायला जवळपास ४.२ किलोज्यूल घेतं. ग्लायकॉल मिसळलं की हा आकडा उलट कमी होतो. म्हणजे ज्याला आपण कूलंट म्हणतो ते 'कूल' करण्यात साध्या पाण्यापेक्षा थोडं कच्चंच असतं!

कार्ल बेंझच्या पहिल्या गाडीत तर पाणी उकळून उडून जायचं आणि पुन्हा भरावं लागायचं, हीच व्यवस्था होती. १८८८ साली त्याची बायको बर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला, शंभरेक किलोमीटर, गाडीने गेली, तेव्हा वाटेत मिळेल तिथे पाणी भरत गेली. पुढे विल्हेल्म मायबाखने १९००-०१ च्या मर्सिडीजसाठी आठ हजारांहून जास्त बारीक नळ्यांचा मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला आणि तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवणं खऱ्या अर्थाने जमलं. तरी आपल्याकडे बर्थाचा खाक्या पुढे कित्येक दशकं चालू राहिला. खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या फियाट तुमच्याही घरच्या गोष्टींमध्ये असतील. त्या बनवणाऱ्या प्रीमियर कंपनीचे संस्थापक वालचंद हिराचंद, म्हणजे दौंडच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर ज्यांच्या नावाने आहे तेच. कंपनी १९४४ ची, कारखाना कुर्ल्याला.

पण 'पाणीच तर आहे' याचं खरं उत्तर मला दौंडला मिळालं.

दौंड माझं आजोळ. १८७८ साली मनमाडची लाईन सुरू झाली आणि भीमेकाठचं हे गाव जंक्शन झालं. आजोबा तिथल्या लोकोशेडला होते, वाफेच्या इंजिनांच्या काळात. वॉशआऊट हे त्यांचं काम. बॉयलर थंड करायचा, प्लग उघडायचे, जोरात पाणी मारायचं आणि लोखंडी सळईने आतली खपली खरवडून काढायची. मी लहानपणी विचारायचो की पाण्याच्या टाकीत घाण कशी काय होते? आजोबा म्हणायचे, "घाण न्हाई बाळा, दगड. पाण्यातला दगड."

हिशेब करून बघा. डब्ल्यूजी वर्गाच्या मालगाडीच्या इंजिनाच्या टेंडरमध्ये वीस हजार लिटरहून जास्त पाणी मावायचं. ते सगळं वाफ होऊन धुराड्यातून जायचं, पण त्यातले क्षार वाफेबरोबर जात नाहीत. ते मागेच राहतात, नळ्यांना चिकटतात आणि उष्णतेला अडवतात. शिरूर आणि दौंड दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. खाली काळा बसाल्ट, वर पाऊस बेताचा, त्यामुळे विहिरी-बोअरचं पाणी जड. आमच्या घरच्या हीटरच्या कॉइलवर वर्षभरात जी पांढरी खपली चढते ती बघितली तरी पुरे.

आता गाडी. तिच्यात पाणी बंद चक्रात फिरतं. एकदा भरलेल्या सहा-सात लिटर पाण्यात क्षार असून असून किती असणार? चमचाभर. तेवढ्याने फार बिघडत नाही. बिघडतं ते गळतीने. होस झिरपतो, पाणी उडून जातं, क्षार आत राहतात. आपण वरून पुन्हा बोअरचं ओततो, ते नवे क्षार घेऊन येतं. पुन्हा उडतं, पुन्हा ओततो. म्हणजे गळका रेडिएटर आणि हातात तांब्या घेतलेला मालक मिळून गाडीचं वाफेचं इंजिन करून टाकतात. फरक एवढाच की दौंडच्या इंजिनाला ठरलेल्या दिवशी वॉशआऊट करणारे आजोबा होते. गाडीला कुणी नसतं.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. मी शाळेत असताना आमच्याकडे दुधाचे कॅन वाहायची एक जुनी डिझेल जीप होती. रेडिएटर झिरपायचा, सीटखाली पाण्याचा कॅन कायम. एका मे महिन्यात शिरूरहून दौंडला निघालो आणि न्हावरा ओलांडल्यावर बॉनेटमधून वाफ यायला लागली. अप्पांनी झाकणावर ओलं पोतं टाकून ते उघडलं, वाफ गेल्यावर शेजारच्या विहिरीचं गार पाणी ओतलं. तापलेलं लोखंड आणि गार पाणी! हेड तडकलं. जीप सव्वा महिना उभी राहिली. तेवढ्यात दुधाची फेरी दुसऱ्याकडे गेली, ती परत आली नाही. अप्पा त्यावर कधी बोलत नाहीत. मीही अंगणात तो विषय काढला नाही.

मग कूलंट करतं काय? त्यातलं मुख्य रसायन इथिलीन ग्लायकॉल. १८५० च्या दशकात वुर्ट्झ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ते पहिल्यांदा बनवलं, पण बराच काळ कुणाला त्याचा उपयोग सुचला नाही. पहिल्या महायुद्धात ग्लिसरीनचा तुटवडा पडला तेव्हा जर्मनीने ते स्फोटकांसाठी वापरलं. १९२७ मध्ये युनियन कार्बाइडने (हो, भोपाळवालीच) प्रेस्टोन या नावाने ते गाडीत घालायला बाजारात आणलं, पाणी गोठू नये म्हणून. आपल्याकडे शिरूरला कुठलं आलंय गोठणं? म्हणून 'ही गोऱ्या लोकांची थेरं' असं मलाही वाटायचं. निम्मं ग्लायकॉल मिसळल्याने उत्कलनबिंदू १०७ च्या आसपास जातो हे खरं, पण त्याहून मोठं काम प्रेशरचं झाकण करतं, अगदी कुकरसारखं. आपल्या हवेत कूलंटचे पैसे वसूल होतात ते त्यातल्या गंजरोधकांमुळे. ॲल्युमिनियमचं हेड, लोखंडी ब्लॉक, रबर, प्लास्टिक, सगळं एकाच द्रवात बुडालेलं असताना कुणी कुणाला खाऊ नये याची ती तजवीज असते. आणि ही गंजरोधकं कालांतराने संपतात, म्हणून बदलायचं. रंग बघून नाही, कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलंय त्या मुदतीला.

नुसतं ग्लायकॉल भरलं तर आणखी चांगलं का? नाही. रोल्स-रॉईसच्या मर्लिन विमान-इंजिनात सुरुवातीला तसंच केलं होतं. ते गळायचं, पेट घ्यायचा धोका होता, मग पाण्यात तीस टक्के ग्लायकॉल आणि वर दाब, यावर ते स्थिरावले. मीही कॉन्सन्ट्रेट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घेतलं. आधी नुसतं डिस्टिल्ड वॉटर भरून, हीटर फुल्ल ठेवून इंजिन चालवलं, थंड होऊ दिलं, सोडलं. तीन वेळा. तिसऱ्यांदा स्वच्छ आलं. गाडी पुंटो आहे, १.३ मल्टिजेट. आमच्या घरापासून पंधरा-वीस किलोमीटरवर, रांजणगावच्या कारखान्यात जन्मलेली. २०२० साली बीएस-६ आलं आणि हे इंजिन भारतात बंद झालं, त्यामुळे जपायला हवी.

आणि मग खरी गडबड झाली. मी हात धुवायला गेलो तेवढ्यात अप्पांनी घमेलं उचललं, कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतायला. आमचा मोत्या शेपटी हलवत मागे. मी ओरडलोच.

ग्लायकॉल चवीला गोड असतं. कुत्री चाटतात. पोटात गेल्यावर यकृत त्याचं ऑक्झॅलिक ॲसिड करतं, ते रक्तातल्या कॅल्शियमशी जुळून मूत्रपिंडाच्या नळ्यांत खडे धरतं. पुन्हा नळ्या, पुन्हा कॅल्शियमचा थर! त्याचंच भावंड डायइथिलीन ग्लायकॉल, तेही मूत्रपिंडच निकामी करतं. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण त्याने गेले. त्यांना औषध म्हणून ग्लिसरीन दिलं होतं आणि त्या ग्लिसरीनमध्ये हे मिसळलेलं होतं. दिसायला सारखं, चवीला गोड, आणि स्वस्त. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून औषध प्रशासनापर्यंतची सगळी साखळी उघडी पाडली. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट, संपली म्हणावी तर २०२५ मध्ये छिंदवाड्याला खोकल्याच्या औषधातून तेच रसायन लहान मुलांच्या पोटात गेलं. वीसहून जास्त मुलं गेली.

हे सगळं मी अप्पांना घमेलं हातात धरून सांगितलं. ते काही बोलले नाहीत. घमेलं खाली ठेवलं, मोत्याला साखळी लावली आणि आतून एक रिकामा कॅन घेऊन आले. आम्ही दोघांनी मिळून सगळं गाळून भरलं. जिथे सांडलं होतं तिथली माती खरवडून पिशवीत घातली, फरशीवर दोन-तीन बादल्या पाणी मारलं. मग अप्पांनी ऑईलपेंटचा जुना डबा शोधला आणि कॅनवर मोठ्या अक्षरात 'विष' असं लिहिलं.

परत येताना वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास अडकलो, काटा मध्यावरून हलला नाही. दुसऱ्या दिवशी थंड गाडीत पातळी थोडी खाली होती, अडकलेली हवा निघाली असणार. तयार मिश्रण होतं त्यातलं पावशेर घातलं. 'विष' अजून डिकीत आहे. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, घेतो, पण शनिवारी या.