मालकी एकाची, चालवणूक दुसऱ्याची : कोल्हापूरच्या शहरी वाहतुकीचा इतिहास

कोल्हापुरात बैलगाडीनंतर आगगाडी आली, आगगाडीनंतर मोटार आणि मोटारीनंतर नगरपालिकेची बस; परंतु वाहने बदलत गेली तरी त्यांच्यामागचा एक प्रश्न गेल्या सव्वाशे वर्षांत फारसा बदललेला नाही. मार्ग कोणी बांधावा, त्यावर वाहन कोणी चालवावे आणि त्याचा खर्च शेवटी कोणाकडून वसूल व्हावा, हा तो प्रश्न होय. 1891 ची रेल्वे, 1962 ची शहर बससेवा, 2008 चा रस्ते-प्रकल्प आणि अलीकडची विजेवरच्या बसगाड्यांची योजना ही या एकाच प्रश्नाला निरनिराळ्या काळात दिली गेलेली उत्तरे आहेत, आणि त्यांतील नेमके कोणते टिकाऊ ठरले हे पाहिल्यास वाढत्या शहरातील आजच्या कोंडीचा बराचसा उलगडा होतो.

रेल्वेपूर्व कोल्हापूर हे मुख्यतः पायी चालण्याचे शहर होते. अंबाबाईचे मंदिर आणि भवानी मंडप यांच्याभोवती वसलेल्या पेठा तटबंदीच्या आत-बाहेर पसरलेल्या होत्या. तटबंदी पुढे नाहीशी झाली, तरी गंगावेस, रंकाळावेस, वरुणतीर्थ वेस ही नावे वेशींच्या जागा आजही दाखवतात. शहराच्या आत माणसाला वाहनाची गरज क्वचितच पडे. वाहन लागे ते मालाला. ऊस आणि गूळ पिकवणारा हा प्रदेश सह्याद्रीच्या पायथ्याशी असल्यामुळे त्याचा जुना व्यापार घाटांतून कोकणातल्या राजापूरसारख्या बंदरांकडे चाले, आणि पावसाळ्याचे चार महिने घाट व नदी दोन्ही अडसर होत. पंचगंगेवर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेल्या दगडी पुलाने, म्हणजे पुढे शिवाजी पूल या नावाने ओळखल्या गेलेल्या पुलाने, पन्हाळा आणि रत्नागिरीकडची वाट बारमाही केली. त्याचे महत्त्व असे की, शहराच्या वाढीला तोपर्यंत नदीने घातलेली मर्यादा त्यामुळे प्रथमच सैल झाली.

खरे स्थित्यंतर रेल्वेने घडवले. सदर्न मराठा रेल्वे कंपनीचा मीटरगेज मार्ग, म्हणजे रुळांमधील अंतर एक मीटर असलेला मार्ग, पुण्याहून मिरजमार्गे बेळगावकडे गेला तेव्हा कोल्हापूर बाजूला राहिले होते. संस्थानाने ही उणीव स्वतःच्या खजिन्यातून भरून काढण्याचे ठरवले. 1888 मध्ये कोल्हापूर-मिरज मार्गाच्या कामाचा प्रारंभ झाला, त्या वेळी शाहू महाराज अल्पवयीन होते आणि कारभार त्यांच्या नावाने इतर पाहत होते. 1891 मध्ये सुमारे 47 किलोमीटरचा हा मार्ग वाहतुकीस खुला झाला. मार्गाची मालकी संस्थानाची, गाड्या मात्र कंपनी चालवी, अशी ही व्यवस्था होती. भांडवल लोकांच्या करातून उभे राहावे आणि दैनंदिन चालवणूक व्यावसायिक कंपनीकडे असावी, या आजकाल नव्या म्हणून मांडल्या जाणाऱ्या विचाराचा हा कोल्हापुरातील पहिला प्रयोग म्हणावा लागेल. तो यशस्वी ठरला, याचे कारण मालवाहतुकीचे उत्पन्न निश्चित होते: गुळाच्या रव्यांना गाडी हवीच होती.

1894 मध्ये राज्याधिकार हाती आल्यावर शाहू महाराजांनी पुढच्याच वर्षी, 1895 मध्ये, स्टेशनलगत शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसवली, आणि याच मार्गावर त्यांनी पुढे जयसिंगपूर हे बाजाराचे गाव आखले. वाहतुकीचा मार्ग आधी आणि वस्ती नंतर, हा क्रम त्यांनी जाणीवपूर्वक पाळला. नंतरच्या शंभर वर्षांत तो बहुतेक वेळा उलटा झाला. रेल्वेच्या वाटेत न आलेल्या गावाचे काय होते, याचे उदाहरणही जवळच आहे. यंत्रमागांमुळे राज्यभर नाव झालेल्या इचलकरंजीला आजही स्वतःचे स्टेशन नाही. तेथील सुताला आणि कापडाला हातकणंगलेपर्यंत रस्त्यानेच जावे लागले. शाहूपुरीची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. स्टेशन हे मार्गाचे शेवटचे टोक असल्यामुळे रुळांनी शहराच्या पूर्वेकडचा भाग कापला गेला, आणि राजाराम महाराजांच्या काळात (1922-1940) रुळांच्या पलीकडे राजारामपुरी हा आखीव वसाहतीचा भाग वाढला तेव्हा दोन्ही बाजू जोडण्यासाठी परीख पुलासारख्या अरुंद भुयारी वाटेवर विसंबावे लागले. मोठ्या पावसात या पुलाखाली पाणी साचते आणि राजारामपुरी ते शाहूपुरी हे काही मिनिटांचे अंतर लांबच्या वळशाचे होते. एकोणिसाव्या शतकात गुळासाठी घेतलेला निर्णय एकविसाव्या शतकातील दुचाकीस्वाराला असा भोवतो. मार्गाचे रूपांतर रुंद रुळांच्या ब्रॉडगेजमध्ये 1971 मध्ये झाले आणि मुंबईला जाताना पुण्यात गाडी बदलण्याची कटकट संपली, परंतु शहरांतर्गत प्रवासाला त्याचा काहीच उपयोग नव्हता.

दोन महायुद्धांच्या दरम्यान खासगी मालकांच्या मोटारी संस्थानातील गावे शहराशी जोडू लागल्या. त्यांना लोक ‘सर्व्हिस मोटार’ म्हणत. ठरावीक मार्गावर, पण गाडी भरल्याखेरीज न सुटणारी ही सेवा होती, आणि दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल दुर्मीळ झाल्यावर अशा मोटारी कोळशाच्या वायूवरही धावल्या. मुंबई राज्याने 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी सोडून प्रवासी वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण सुरू केले आणि 1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान त्या राज्यात विलीन झाले, त्यामुळे गावोगावच्या मार्गांवरील खासगी मालकांचे युग येथेही संपले. एसटीचे काम मात्र गावे जोडण्याचे होते. शिवाजी पेठेतून शाहूपुरीला जाणाऱ्या माणसाची सोय हे तिचे कर्तव्य नव्हते.

ती सोय नगरपालिकेने 1962 मध्ये स्वतःच्या अंगावर घेतली. मुंबईची बेस्ट 1947 मध्ये महापालिकेच्या ताब्यात आली होती आणि पुण्यात पीएमटी 1950 मध्ये सुरू झाली होती. त्या मानाने महापालिकेचा दर्जाही नसलेल्या, 1854 मध्ये स्थापन झालेल्या एका नगरपालिकेने असा उपक्रम उभा करणे धाडसाचे होते. ‘कोल्हापूर म्युनिसिपल ट्रान्सपोर्ट’ हे नाव लोकांनी पहिल्या दिवसापासून ‘केएमटी’ असेच वापरले असावे. अशा संस्थेला कायद्याच्या भाषेत ‘परिवहन उपक्रम’ म्हणतात: तिचा हिशेब पालिकेच्या सर्वसाधारण हिशेबापासून वेगळा ठेवला जातो, तिकिटाच्या उत्पन्नातून तिने स्वतःचा खर्च भागवावा अशी अपेक्षा असते, पण तिकिटाचा दर आणि मार्ग मात्र तिला एकटीला ठरवता येत नाहीत. खर्चाची जबाबदारी एकीकडे आणि उत्पन्नाचा निर्णय दुसरीकडे, ही या रचनेतील मूळ विसंगती होय, आणि केएमटीच्या तोट्याची चर्चा करताना नेमकी तीच विसरली जाते.

तरीही कोल्हापूरच्या वाहतुकीच्या इतिहासात हा एकमेव असा अध्याय आहे, ज्यात शहराने गाडी, चालक, वाहक, कार्यशाळा आणि तोटा हे सारे स्वतःचे म्हणून स्वीकारले. उद्यमनगरातील फाउंड्री आणि इंजिनांच्या कारखान्यांचा कामगार, शाळा-कॉलेजची पासधारक मुले, आणि शहरात भाजी-दूध घेऊन येणारी माणसे यांना बसने बांधून ठेवले. नवरात्रात देवीच्या मंदिरांची फेरी घडवणारी दुर्गादर्शन बस हे या उपक्रमाचे खास कोल्हापुरी रूप होय. तोट्यातल्या संस्थेने चालवलेली ही सेवा शहराने आपली बस कोणत्या अर्थाने आपली मानली हे हिशेबाच्या वह्यांपेक्षा अधिक स्पष्टपणे सांगते.

अडचण अशी झाली की, 15 डिसेंबर 1972 रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली, पण हद्द जुनीच राहिली. सुमारे 66.82 चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र 2011 च्या जनगणनेत 5,49,236 लोकवस्तीचे होते, आणि प्रत्यक्ष शहर तोवर त्या रेषेबाहेर कितीतरी पसरले होते. शिरोली व गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहती, गांधीनगरची कापडपेठ, पाचगाव, कळंबा, उचगाव, मोरेवाडी यांसारखी गावे रोजच्या जाण्यायेण्याने शहराचीच झाली, कर भरण्याच्या दृष्टीने मात्र ग्रामपंचायतींच्या कक्षेत राहिली. बस अर्थातच प्रवासी असतील तेथे गेली. परिणामी हद्दीतील करदाता हद्दीबाहेरच्या फेऱ्यांचा तोटा सोसतो, अशी तक्रार शहरात रुजली, आणि महापालिकेच्या उत्पन्नाचा मोठा आधार असलेली जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरील कर, एप्रिल 2011 मध्ये बंद झाल्यावर तो तोटा सोसण्याची ताकदही घटली.

बस अपुरी पडली ती जागा दोन वाहनांनी भरली. पहिले दुचाकी. सायकलवर कारखान्यात जाणारा कामगार एका पिढीत मोपेड आणि मोटारसायकलवर गेला, आणि महाद्वार रोड किंवा पापाची तिकटी यांसारख्या पेठांच्या जुन्या रुंदीत ही वाहने उभी करायलाही जागा उरली नाही. दुसरे ‘वडाप’. पश्चिम महाराष्ट्रात ठरावीक मार्गावर माणसे भरून धावणाऱ्या खासगी जीपला हे नाव आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्यानुसार टप्प्याटप्प्याने प्रवासी चढवण्या-उतरवण्याचा परवाना वेगळा आणि संपूर्ण वाहन एका भाडेकरूला देण्याचा परवाना वेगळा असतो; वडापवाला बहुधा दुसऱ्या प्रकारच्या परवान्यावर पहिल्या प्रकारचे काम करतो, म्हणून ते बेकायदा ठरते. तथापि, भरल्याशिवाय न सुटणारी ही जीप म्हणजे संस्थानकाळातील सर्व्हिस मोटारीचीच पुनरावृत्ती आहे, आणि जेथे ती आली तेथे सार्वजनिक सेवेने आधीच जागा सोडलेली होती. वडापवर कारवाईची मोहीम निघते आणि काही दिवसांत थंडावते, यात नवल नाही.

केंद्र सरकारने 2006 मध्ये राष्ट्रीय शहरी परिवहन धोरण जाहीर केले आणि त्यात वाहनांपेक्षा माणसांच्या हालचालीला प्राधान्य द्यावे, हे तत्त्व स्पष्ट शब्दांत मांडले. कोल्हापुरात त्यानंतर दोनच वर्षांनी जो सर्वांत मोठा निर्णय झाला, तो मात्र रस्त्यांचा होता. एकात्मिक रस्ते विकास प्रकल्पाखाली शहरातील 49.49 किलोमीटर रस्ते सुमारे 220 कोटी रुपये खर्चून ‘बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा’ या पद्धतीने करण्याचे काम आयआरबी कंपनीला देण्यात आले. या पद्धतीत ठेकेदार स्वतःचे भांडवल घालतो आणि ठरलेल्या मुदतीत टोल घेऊन ते वसूल करतो. येथे मुदत 30 वर्षांची होती आणि शहराच्या प्रवेशमार्गांवर नऊ नाके उभे राहिले. रेल्वेच्या वेळचा मालक आणि चालक यांचा संबंध येथे उलटा झाला होता: भांडवल कंपनीचे, रस्ता लोकांचा आणि वसुली त्या रस्त्याला पर्याय नसलेल्या प्रत्येकाकडून. राष्ट्रीय महामार्गावर टोल देणारा प्रवासी निदान लांबच्या प्रवासाला निघालेला असतो. आपल्याच शहरात शिरण्यासाठी टोल देणे ही कल्पना कोल्हापूरने मान्य केली नाही.

टोलविरोधी कृती समितीचे आंदोलन एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारख्या ज्येष्ठांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षे चालले. कामाचा दर्जा, अपुरी राहिलेली कामे आणि कराराच्या अटी यांवर मोर्चे, बंद आणि न्यायालयीन लढाई अशा सर्व मार्गांनी आक्षेप घेतले गेले. 2013 मध्ये वसुली सुरू झाली, जानेवारी 2014 मध्ये संतप्त जमावाने नाके पेटवले, आणि डिसेंबर 2015 मध्ये राज्य सरकारने टोल कायमचा रद्द करण्याचा निर्णय घेतला. पानसरे तो दिवस पाहू शकले नाहीत. 16 फेब्रुवारी 2015 रोजी त्यांच्यावर हल्ला झाला आणि 20 फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले. नागरी हक्काच्या दृष्टीने हा विजय मोठा होता, याबद्दल दुमत असू नये. परंतु वाहतुकीच्या इतिहासात त्याची नोंद करताना एक मर्यादाही सांगितली पाहिजे: रस्त्यासाठी कोणी पैसे द्यायचे नाहीत हे या लढ्याने ठरवले, त्या रस्त्यावरून बहुसंख्य लोकांनी कशाने जायचे हा विषय मात्र ना कराराच्या बाजूने मांडला गेला, ना विरोधाच्या. त्याच वर्षांत केएमटीच्या गाड्या जुन्या होत होत्या, आणि त्यासाठी नाके पेटण्याची वेळ कधी आली नाही.

हद्दवाढीचा वाद याच प्रश्नाचे दुसरे अंग आहे. भोवतालची गावे शहरात घेण्याचे प्रस्ताव वारंवार झाले आणि वाढीव कर व शेतजमिनीवरील आरक्षणे यांच्या भीतीने गावांनी ते वारंवार परतवले. 2017 मध्ये तडजोड म्हणून 42 गावांसाठी कोल्हापूर क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले, पण त्याच्याकडे बस नाही. हद्दवाढीला विरोध करणाऱ्या गावांची केएमटी बंद करावी, अशी मागणी शहरातून अनेकदा झाली आहे. ही मागणी न्यायाची वाटली तरी शहाणपणाची नाही, कारण बस बंद झाली म्हणून पाचगावचा माणूस घरी बसत नाही. तो दुचाकी घेऊन मिरजकर तिकटीला येतो आणि तिथल्या गर्दीत आणखी एका वाहनाची भर घालतो. ऑगस्ट 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच भाऊसिंगजी रोडवर सुरू झाल्यापासून तर सहा जिल्ह्यांतील पक्षकार आणि वकील शहराच्या अगदी मध्यभागी येऊ लागले आहेत.

2023 मध्ये केंद्राने जाहीर केलेल्या पीएम ई-बस सेवा योजनेत कोल्हापूरसाठी 100 बसगाड्या मंजूर झाल्या. या योजनेत बस आणि चालक खासगी कंपनीचे, आगार महापालिकेचे, कंपनीला पैसे धावलेल्या किलोमीटरप्रमाणे, आणि त्यातील काही भाग केंद्राकडून दहा वर्षे, अशी विभागणी आहे. मालकी आणि चालवणूक पुन्हा वेगळी झाली आहे, पण 1891 मध्ये गुळाने जी हमी दिली होती तशी हमी येथे कोणाचीच नाही. किलोमीटरचा दर करारात बांधलेला असेल आणि तिकिटाचे उत्पन्न त्याहून कमी पडले, तर फरक महापालिकेला, म्हणजे 66.82 चौरस किलोमीटरमधील करदात्याला, भरावा लागेल. बससाठी निधीची जबाबदारी हद्दीबाहेरच्या गावांसह संपूर्ण प्रदेशावर टाकणारी एखादी संस्था उभी राहिल्याशिवाय केंद्राची दहा वर्षे संपल्यावर या गाड्या कोण चालवणार, याचे उत्तर महापालिकेच्या आजच्या अंदाजपत्रकात सापडणार नाही.