करडईचे फूल आणि रंगाचा हिशेब

बीड जिल्ह्याला करडई काही नवी नाही. आपण ती तेलासाठी पेरतो. पण एके काळी तिच्या फुलालाही मोल होते. पाकळ्यांतला पिवळा रंग पाण्याने धुऊन काढायचा, खाराच्या पाण्यात तांबडा उतरवायचा, अन् आंबट घालून तो कापडावर बसवायचा. हाच कुसुंबी रंग. 1856 साली लंडनमध्ये पर्किन यांनी कृत्रिम जांभळा रंग बनवला. पुढे डांबरातून निघालेल्या स्वस्त रंगांपुढे हा धंदा बसला.

आता फुलाला रंग येतो कसा? रंगाच्या रेणूत कार्बनची साखळी असते: एक बंध एकेरी, पुढचा दुहेरी, पुन्हा एकेरी. नागपंचमीचा झोका आठवा. दोर लांब, तर झोका संथ. तशी ही साखळी लांबली, की ती प्रकाशाची अधिक संथ लहर शोषते. निळा प्रकाश शोषला तर वस्तू पिवळी दिसते. हिरवा शोषला तर तांबडी. कोणता प्रकाश गिळला, ते वर्णपट सांगतो. 1931 साली जर्मनीच्या हुकेल यांनी अशा रेणूंतील इलेक्ट्रॉनांचा हिशेब मांडला. आज तो संगणक करतो.

आपल्याकडे मुंबईत रंगशास्त्र वाढवणारे डॉ. वेंकटरामन 1957 साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले.

गुरुजी, हळदीच्या पाण्यात चिमूटभर चुना टाकून मुलांना दाखवा. पिवळ्याचे तांबडे होते. कुंकू करणाऱ्यांना हे कसब होतेच. कसबाबरोबर हिशेबही शिकावा. नाही तर कुसुंब्यासारखा धंदा हातचा जातो.