'दात येणे' : मृत्यूचे एक जुने कारण

१/ १८३९ साली इंग्लंड आणि वेल्समधील ५,०१६ मृत्यूंच्या नोंदीत कारण लिहिले गेले : 'दात येणे'. आज ही नोंद चमत्कारिक वाटते. पण तत्कालीन डॉक्टरांना आणि मातापित्यांना ती अगदी स्वाभाविक वाटत होती. या समजुतीने पुढे काय घडवले, त्याची ही हकीकत.

२/ समजुतीचे मूळ निरीक्षणातच होते. दुधाचे दात साधारण सहाव्या महिन्यापासून अडीच वर्षांपर्यंत येतात. याच काळात आईकडून लाभलेली प्रतिकारशक्ती ओसरते, वरचे अन्न सुरू होते आणि रांगते मूल हाती लागेल ते तोंडात घालते. साहजिकच ताप, जुलाब बळावतात. जंतू कोणालाच ठाऊक नव्हते. डोळ्यांना दिसत होता तो हिरडीतून वर येणारा दात. दोष त्याच्या माथी गेला.

३/ निदान चुकले, तसे उपचारही चुकले. फ्रेंच शल्यविशारद आंब्रुआज पारे यांनी १६व्या शतकात हिरडीला छेद देऊन दाताला वाट करून देण्याचा पुरस्कार केला. ही प्रथा १९व्या शतकातही टिकून होती.

४/ पुढे घरोघरी तयार औषधे आली. अमेरिकेत 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' लोकप्रिय झाले. रडते मूल त्याने शांत झोपे, कारण त्यात मॉर्फीन होते. १९०६ च्या कायद्याने असे घटक वेष्टनावर छापणे बंधनकारक होईपर्यंत आयांना ते कळण्याचा मार्गच नव्हता.

५/ ब्रिटनमध्ये 'स्टीडमन्स पावडर'सारख्या पुड्यांचा खप मोठा होता. त्यांत कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचे संयुग असे. पोट साफ झाले की दात सुखाने येतात, ही त्यामागची कल्पना.

६/ २०व्या शतकाच्या पूर्वार्धात डॉक्टरांना एका बालरोगाने बुचकळ्यात टाकले. हातपाय गुलाबी होऊन सुजत, कातडी सोलवटे, उजेड सोसवेना, मूल अखंड कण्हत राही. कित्येकांचे दातही गळून पडत. नाव पडले 'पिंक डिसीज'. १९३९ ते १९४८ या काळात इंग्लंड आणि वेल्समध्ये त्याने ५८५ मुले दगावली.

७/ सिनसिनाटीच्या जोसेफ वारकानी आणि डोनाल्ड हबर्ड यांना अशा मुलांच्या लघवीत पारा आढळला. १९४८ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. १९५४ मध्ये ब्रिटनमधील प्रमुख उत्पादकांनी दातांच्या पुड्यांतून पारा काढून टाकला आणि काही वर्षांतच हा रोग जवळजवळ नाहीसा झाला. दात सुखाने यावेत म्हणून दिलेल्या पुडीनेच दात पाडले होते.

८/ इतकी वर्षे संशय का आला नाही? पुडी घेणाऱ्या बहुसंख्य मुलांना काहीच होत नसे. 'आम्हीही हीच घेऊन वाढलो' हा घराघरातला पुरावा डॉक्टरांच्या शंकेपेक्षा वजनदार ठरला.

९/ त्या मातापित्यांच्या मायेत उणीव नव्हती. 'दात येताहेत' या उत्तरावर त्यांचा प्रश्न थांबला, एवढेच. आपल्या घरांतही बाळाला जुलाब झाले की तेच उत्तर अजून ऐकू येते. दात येताना लाळ गळते, हिरड्या शिवशिवतात, मूल चिडचिडते. परंतु जोराचा ताप किंवा जुलाब यांचे कारण वेगळे असते. अशा वेळी जलसंजीवनी सुरू करून डॉक्टर गाठणे, हाच या इतिहासाचा धडा.