घोड्याची टाच आणि देवीची लस

एडवर्ड जेन्नर म्हटले की गवळण, गाय आणि आठ वर्षांचा जेम्स फिप्स डोळ्यांसमोर येतात. १४ मे १७९६ रोजी सारा नेल्म्सच्या हातावरील गोस्तनदेवीच्या फोडातला द्रव जेन्नरने फिप्सला टोचला. वर्गात आपण ही गोष्ट अशीच सांगतो. मात्र १७९८ साली जेन्नरने स्वतः छापलेला निबंध उघडला, तर गायीच्या आधी आपल्याला भेटतो तो घोडा.

इंग्लंडमधील नालबंदांना घोड्याच्या पायाचा एक रोग चांगला माहीत होता. ते त्याला 'ग्रीस' म्हणत. घोड्याची टाच सुजते, कातडीला भेगा पडतात आणि त्यातून चिकट, घाण वासाची लस वाहू लागते. जेन्नरचे म्हणणे असे की गोस्तनदेवीचे मूळ या लशीत आहे. त्याच्या ग्लॉस्टरशर परगण्यात गडीमाणसेही धारा काढत. जो गडी घोड्याच्या टाचेला मलमपट्टी करी, तोच हात न धुता गायीखाली बसे. म्हणून रोग घोड्याकडून गायीच्या आचळांवर आणि तिथून गवळणीच्या हातांवर येतो, असा त्याचा तर्क होता.

तर्क झाला, आता प्रयोग हवा. लंडनमधील विल्यम वुडविल या डॉक्टरने तो केला. पशुवैद्यक महाविद्यालयातील कोलमन यांच्या मदतीने त्याने ग्रीस झालेल्या घोड्याची लस गायीच्या आचळांना टोचून पाहिली. काहीही झाले नाही! १७९९ मध्ये ही हकीकत प्रसिद्ध झाली आणि जेन्नरच्या तर्काची बाजू लंगडी पडली. पण १८०१ साली यॉर्कशरमधील जॉन लॉय या डॉक्टरने तोच प्रयोग केला, आणि त्याला यश आले. घोड्याची लस टोचल्यावर गायीला फोड आले आणि माणसालाही आले.

मग खरे कोण? लॉयचे मोठेपण असे की दुसऱ्याला खोटे न ठरवता त्याने घोड्यांकडे पुन्हा नीट पाहिले. त्याच्या ध्यानात आले की ग्रीस एक नाही, दोन आहेत. एकात घोड्याला ताप येतो, अंगावर पुरळ उठते. त्याचीच लस लागू पडते. दुसरा फक्त टाचेपुरता असतो. त्याची लस टोचून काही होत नाही. नालबंदाच्या दृष्टीने दोन्ही टाचा सारख्याच वाहत होत्या, म्हणून नाव एकच पडले होते. १८६० च्या दशकात फ्रान्समधील पशुवैद्यांनी तापाच्या या रोगाला 'घोड्याच्या देवी' असे वेगळे नाव दिले.

उरलेला ग्रीस आजही आहे. शायर, क्लाइड्सडेल, बेल्जियन यांसारख्या अवजड कामाच्या घोड्यांना खुराच्या वर दाट, लांब केस असतात. त्यांत चिखल आणि ओल साचते; खरजेच्या किडीच्या जातीचे सूक्ष्म माइट, जिवाणू व बुरशी तिथे वस्ती करतात. याशिवाय या घोड्यांच्या पायांतील लसीकावाहिन्यांचे काम नीट चालत नाही, त्यामुळे द्रव साचून पाय सुजतो. या दीर्घकालीन विकाराचे सविस्तर वर्णन २००३ साली झाले. तो वयाबरोबर वाढत जातो. म्हाताऱ्या घोड्याच्या पायावर कातडीच्या जाड वळ्या आणि गाठी येतात, आणि कधी चालणेही अवघड होते. तो पूर्ण बरा होत नाही, पण आटोक्यात ठेवता येतो: केस कातरणे, पाय धुऊन अगदी कोरडे करणे, माइटचा बंदोबस्त करणे, पट्ट्या बांधणे आणि घोड्याला रोज चालवणे. एका दिवसाचे मोठे औषध नव्हे, रोजची छोटी निगा. गोठ्यात उभा राहिलेला घोडा सुजतो, चालता घोडा बरा राहतो.

जेन्नरच्या तर्काचे पुढे काय झाले? २०१७ साली संशोधकांनी १९०२ मध्ये अमेरिकेत तयार झालेल्या देवीच्या लशीतील विषाणूचा जनुकीय क्रम तपासला. तो गायीच्या देवीपेक्षा घोड्याच्या देवीच्या विषाणूला अधिक जवळचा निघाला. सगळ्या लशी घोड्यापासूनच आल्या असे यावरून म्हणता येत नाही, पण घोड्याला त्या कथेतून वगळताही येत नाही.

या कथेचा एक धागा आपल्यापर्यंतही येतो. व्हिएन्नाच्या झां द कारो या डॉक्टरने पाठवलेली लस बगदाद-बसरामार्गे मुंबईस आली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली. तिच्या हातावरून ती पुढे देशभर गेली. मराठीत जखमेतून वाहते तीही लस आणि टोचतात तीही लस. शब्दाने इतिहास जपून ठेवला आहे!

आम्हाला वाटते, ही गोष्ट वर्गात सांगताना वुडविलचा फसलेला प्रयोगही सांगावा. प्रयोग फसला की मुले म्हणतात, 'नियम चुकला.' अशा वेळी त्यांना विचारावे: ज्याला आपण एकाच नावाने हाक मारतो, ते खरोखर एकच आहे का?