मालमोटार हाकण्याची परीक्षा

[नभोवाणीवरील भाषण]



पुण्याच्या पश्चिमेस मुठेच्या कांठीं वारजें म्हणून गांव आहे. एके काळीं तें शेतमळ्यांचें खेडें होतें. आतां तें शहराचाच एक भाग होऊन गेलें आहे, आणि मुंबई-बंगळूरचा हमरस्ता त्याच्या अंगणांतून जातो. दक्षिणेकडून येणाऱ्या मालमोटारी कात्रजच्या नव्या बोगद्यांतून बाहेर पडतात, नवले पुलापर्यंतचा लांब उतार उतरतात, वारज्यापाशीं मुठा ओलांडतात आणि चांदणी चौकाचा चढ चढूं लागतात. माझें घर या चढाच्या अलीकडे आहे. मध्यरात्रीनंतर वस्ती निजली म्हणजे गाड्यांचा आवाज स्पष्ट ऐकूं येतो. चालकानें गिअर वेळेवर खालीं आणला कीं नाहीं, हें मला अंथरुणावर पडल्या पडल्या समजतें. कारण उमेदीचीं तीस वर्षें मीं हाच धंदा केला.

मालमोटार हाकावयास माणसें कशीं शिकत आलीं आणि त्यांची परीक्षा कशी होत आली, याची हकीकत आज सांगावयाची आहे. तींत कायद्याचा इतिहास आहे, तसाच माझ्या उमेदवारीचाही थोडा भाग आहे. माझें म्हणणें प्रथमच सांगून टाकतों. कचेरींतली परीक्षा आणि घाटांतली परीक्षा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीची नोंद सरकारदरबारीं राहिली. दुसरीची कोठेंच राहिली नाहीं. आणि आज आमच्या या रस्त्यावर जें घडतें, त्याचें एक मोठें कारण ही दुसरी परीक्षा बुडाली हें आहे.

आपल्या देशांत मोटार आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि ती श्रीमंतांच्या हौसेची वस्तु म्हणून. ती चालविणाऱ्या नोकरास 'शोफर' म्हणत. हा शब्द मूळचा फ्रेंच, आणि त्याचा अर्थ भट्टी पेटविणारा असा आहे. वाफेच्या यंत्राची ती आठवण. इंग्लंडांत १९०३ च्या कायद्यानें मोटार चालविणाऱ्यास परवाना आवश्यक केला. पण तो पांच शिलिंग भरले कीं मिळे, त्यासाठीं परीक्षा नव्हती. तेथें परीक्षा सक्तीची झाली ती १९३५ सालीं. म्हणजे यंत्र अगोदर आलें, परवाना मागाहून आला, आणि परीक्षा सर्वांच्या शेवटीं आली. हिंदुस्थानांत १९१४ सालीं मोटारींसंबंधीं सबंध देशास लागू होणारा कायदा झाला. परवान्यावांचून कोणीं सार्वजनिक रस्त्यावर मोटार चालवूं नये, आणि अठरा वर्षांखालील मुलानें तर मुळींच चालवूं नये, असें त्यानें ठरविलें.

मालाची वाहतूक मात्र तेव्हां बैलगाडी आणि आगगाडी यांच्याच हातीं होती. पहिल्या महायुद्धानंतर मालमोटारी दिसूं लागल्या. १९२७ सालीं रस्तेसुधारणेचा विचार करण्यासाठीं एक समिती नेमली गेली; तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, जे पुढें पुणें विद्यापीठाचे पहिले कुलगुरु झाले. तिच्या शिफारशींतून १९२९ सालीं मध्यवर्ती रस्ते निधि निघाला. याच सुमारास, १९२८ सालीं, मुंबईस शिवडी येथें जनरल मोटर्स कंपनीनें सुटे भाग जोडून गाड्या उभ्या करण्याचा कारखाना काढला. गाड्या वाढल्या, रस्ते वाढले. चालक कोठून आणावयाचे हा प्रश्न उरला.

त्याचें उत्तर युद्धानें दिलें. १९३९ चा मोटार वाहन कायदा त्या वर्षीं १ जुलैला अमलांत आला. माल व उतारू नेणारी गाडी चालविण्यास वीस वर्षें पुरीं झालेलीं असावीं असें त्यानें सांगितलें, आणि उमेदवारास काय काय करून दाखवितां आलें पाहिजे याची यादीही कायद्याला जोडून दिली. दोनच महिन्यांनीं दुसरें महायुद्ध पेटलें. हिंदी सैन्याची संख्या वाढत वाढत पंचवीस लाखांच्या घरांत गेली. एवढ्या सैन्याला दाणागोटा पोंचविणाऱ्या खात्याला हजारों चालक हवे होते. ज्यांनीं जन्मांत बैलांच्या कासऱ्याशिवाय कांहीं धरलें नव्हतें, अशीं खेड्यापाड्यांतलीं पोरें लष्करानें घेतलीं आणि त्यांच्या हातीं मोटारीचें चक्र दिलें. युद्ध संपल्यावर लष्कराच्या वापरलेल्या लॉऱ्या विक्रीस निघाल्या, आणि त्याच वेळीं त्या चालविणारीं माणसेंही घरीं परतलीं. पुष्कळांच्या मालवाहतुकीच्या धंद्याचा पाया असा घातला गेला.

प्रवाशांच्या वाहतुकीस लवकरच शिस्त लागली. १ जून १९४८ रोजीं पुण्याहून अहमदनगरास एस. टी.ची पहिली गाडी सुटली; चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. एस. टी.च्या चालकास गणवेश होता, आगार होतें, वरिष्ठांची देखरेख होती. मालमोटारीच्या चालकास यांतलें कांहींच नव्हतें. त्याची शाळा म्हणजे गाडीची डावीकडची बैठक, आणि त्या शाळेंतला विद्यार्थी म्हणजे क्लीनर.

मी १९६९ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, असा क्लीनर झालों. आमची गाडी टाटा-मर्सिडीज. कोल्हापूरचा गूळ पुण्यास आणावयाचा आणि पुण्याहून मिळेल तो माल घेऊन परतावयाचें. चालकास आम्ही वस्ताद म्हणत असूं. वस्ताद लष्करांत लॉरी शिकले होते. त्यांचा उजवा आंगठा वाकडा होता. जुन्या लॉऱ्या पुढें हँडल घालून सुरू कराव्या लागत. ठिणगीची वेळ चुकली तर इंजिन उलट फिरून हँडलचा तडाखा बसे. म्हणून हँडल धरतांना आंगठा बोटांच्या समोर न घेतां बोटांच्याच बाजूला ठेवावयाचा, हा लष्करांतला पहिला धडा. आणि तो चुकल्याची खूण त्यांनीं जन्मभर हातावर वागविली.

पहिलीं दोन वर्षें मीं चक्राला हात लावला नाहीं. गाडी धुणें, दोर आवळणें, ताडपत्री बांधणें, तेलपाणी पाहणें, चाकांवर हातोडी मारून हवेचा अंदाज घेणें, चढावर गाडी थांबली कीं धांवत जाऊन चाकामागें दगड लावणें, हें माझें काम. रात्रीं गाडी मागें घेतांना मागें उभें राहून ओरडावयाचें. तक्रार करावी तर वस्ताद म्हणत, "अरे, आधीं गाडी कानानें शीक, मग हातानें." त्यांचें हें बोलणें मला पुढें समजलें.

त्या गाड्यांत गिअरचे दांते आजच्यासारखे सहज जुळत नसत. वरचा गिअर सोडून खालचा घ्यावयाचा तर प्रथम क्लच दाबून दांडा मधल्या मोकळ्या जागीं आणावा, क्लच सोडून इंजिनाला जरा वेग द्यावा, पुन्हां क्लच दाबावा आणि मग खालचा गिअर बसवावा. यास आम्ही 'डबल क्लच' म्हणत असूं. वेगाचा मेळ बसला कीं नाहीं हें कानालाच कळे. मेळ चुकला कीं दांते करकरत आणि गिअर बसत नसे. सपाटीवर त्याची नुसती लाज वाटे. उतारावर मात्र तो प्रसंग जिवाचा. कारण गाडी मोकळी सुटली कीं मागचा आठ-नऊ टनांचा भार तिला ढकलूं लागतो, आणि नुसत्या ब्रेकवर ती धरली तर ब्रेकचे ड्रम तापून त्यांची पकड जाते. म्हणून गिअर उतारावर बदलावयाचा नसतो. उतार सुरू होण्यापूर्वींच खालीं आणून ठेवावयाचा असतो. मग इंजिनच गाडीला मागें ओढून धरतें. वस्तादांचें सूत्र सोपें होतें: "ज्या गिअरनें चढायचं, त्याच गिअरनें उतरायचं."

तिसऱ्या वर्षीं रिकामी गाडी मैदानावर मिळाली, चौथ्या वर्षीं सपाट रस्त्यावर. १९७४ सालीं मीं परीक्षेचा अर्ज भरला. पंचवीस यार्डांवरून दिवसाउजेडीं मोटारीच्या नंबराची पाटी वाचतां येते काय, असा त्यांत एक प्रश्न होता. परीक्षेच्या दिवशीं अधिकारी माझ्या शेजारीं बसले. गाडी सुरू करणें, वळविणें, थांबविणें, मागें घेऊन दोन खांबांमधील अरुंद जागेंत शिरविणें. हाताच्या खुणा तर मीं रात्रभर घोकल्या होत्या: उजवीकडे वळतांना हात आडवा बाहेर काढावयाचा, डावीकडे वळतांना तोच हात घड्याळाच्या उलट फिरवावयाचा, थांबतांना कोपरापासून उभा धरावयाचा, वेग कमी करतांना पंजा खालीं करून हात वरखालीं हलवावयाचा. खुणा बिनचूक झाल्या. पण गाडी मागें घेतांना डाव्या बाजूचा खांब पडला. मागें उभें राहून ओरडणारा क्लीनर त्या दिवशीं नव्हता. मीच तो होतों, आणि मी चक्रावर बसलों होतों. नापास झालों. महिन्यानें पुन्हां गेलों आणि उत्तीर्ण झालों. सारा प्रकार पंधरा मिनिटांचा.

घरीं पेढे वांटले. वस्तादांनीं एक पेढा खाल्ला आणि कांहीं बोलले नाहींत. त्याच आठवड्यांत गूळ भरून आम्ही कोल्हापुराहून निघालों. सातारा मागें पडल्यावर खंबाटकी घाटाच्या पायथ्याशीं वस्तादांनीं गाडी उभी केली, खालीं उतरले, वळसा घालून माझ्या बाजूस आले आणि म्हणाले, "सरक." मग माझ्या जागीं बसून त्यांनीं उपरण्यानें तोंड झांकून घेतलें. मी चढ चढलों. माथ्यावर गाडी थांबविली, गिअर खालीं आणला, ब्रेकवर पाय ठेवून पाहिला, आणि उतरावयास लागलों. मागून येणारे भोंगे वाजवीत होते. समोरून चढणाऱ्या गाडीला वाट द्यावयाची, कारण थांबलेली भरली गाडी चढावर पुन्हां उचलणें कठीण. हा घाटाचा जुना रिवाज, आणि पुढें १९८९ च्या रस्त्याच्या नियमांतही तो आला. अरुंद वळणावर दोनदां मी थांबलों. पायथ्याच्या खंडाळ्यास पोंचेपर्यंत माझा सदरा घामानें भिजला होता. नीरा ओलांडण्यापूर्वीं शिरवळास चहाला थांबलों, तेव्हां मीं विचारलें, "वस्ताद, झोप लागली का?" ते म्हणाले, "पोरा, तूं माथ्यावर गिअर टाकलास तो आवाज ऐकला, आणि मग लागली." माझी खरी परीक्षा ती, आणि तिचा निकाल तेवढ्या एका वाक्याचा.

या जुन्या शाळेचें मी नुसतें गुणगान करीत नाहीं. तींत पोरांना मजुरी नांवाची होती, मार होता, झोप नव्हती. वाईट वस्ताद मिळाला तर वाईटच विद्या मिळे. पुष्कळ क्लीनर परवान्यावांचून रात्रींच्या गाड्या हाकीत, हेंही मला ठाऊक आहे. कायद्यानें पुढें पुष्कळ सुधारणा केल्या. १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याप्रमाणें हलक्या वाहनाचा परवाना एक वर्ष बाळगल्याखेरीज मालमोटारीचा शिकाऊ परवानाही मिळत नाहीं. मध्यंतरीं आठवी उत्तीर्ण असल्याची अट होती. २०१९ सालीं ती काढून टाकली गेली, आणि शिक्षण हुकलेल्या माझ्यासारख्यांना वाट मोकळी झाली. २०२१ च्या नियमांनीं मान्यताप्राप्त शिक्षणकेंद्रें आलीं. तेथें जड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत अडतीस तासांचा आहे. हें सारें स्वागतार्ह आहे. पण अडतीस तासांत हात तयार होतील; उताराची धास्ती अंगीं मुरण्यास घाट लागतो, आणि शेजारीं कोणी तरी जाणता लागतो. आतां शेजारची बैठक बहुधा रिकामी असते.

२० नोव्हेंबर १९७४ मला आठवत नाहीं, पण २० नोव्हेंबर २०२२ ची रात्र मी विसरणार नाहीं. कात्रजच्या बोगद्याकडून आलेली एक भरलेली गाडी नवले पुलाजवळच्या उतारावर आवरली नाहीं, आणि पुष्कळ वाहनांचा तेथें चुराडा झाला. त्यानंतर उतारावर इंधन वांचविण्यासाठीं गाडी मोकळी सोडण्याच्या संवयीची पुष्कळ चर्चा झाली. मला त्या चर्चेंत नवें कांहीं दिसलें नाहीं. इंजिन बंद केलें तर ब्रेकला हवा पुरविणारें यंत्र थांबतें आणि चक्रही जड होतें. आणि वांचतें तरी काय? आजचीं इंजिनें गिअरमध्यें असतांना, पाय उचललेला असला, तर उतारावर इंधन घेतच नाहींत. उलट मोकळ्या गाडीचें इंजिन फिरतें ठेवण्यास इंधन जळतें. म्हणजे जिवाची जोखीम घेऊन दमडीचाही लाभ नाहीं. ही गोष्ट वस्तादांनीं मला एका वाक्यांत शिकविली होती. ज्यांना वस्ताद मिळाला नाहीं, त्यांना ती कोणीं सांगावयाची?

म्हणून माझी एवढीच विनंती आहे. मालमोटारीची परीक्षा मैदानावर घ्या, पण तेथेंच संपवूं नका. उमेदवारास भरलेल्या गाडीसह एक लांब उतार उतरावयास लावा, आणि परीक्षकानें त्याच्या हाताच्या खुणांइतकेंच माथ्यावर तो काय करतो इकडे लक्ष द्यावें. पुण्याच्या भोंवतीं घाटांची वाण नाहीं. कात्रज जवळ आहे, खंबाटकी दूर नाहीं.

वस्ताद आतां नाहींत. रात्रीं वारज्याच्या चढाला एखादी गाडी लागते आणि तिचा गिअर नेमक्या वेळीं, करकर न होतां, खालीं बसतो. त्या चालकास कोणी तरी शिकविलें आहे, एवढें मला कळतें. आणि मग मलाही झोप लागते.