विली विंकीची दवंडी

इंग्रजी बालगीतांच्या चित्रमय पुस्तकात एक पोरगा हमखास भेटतो. अंगात पायघोळ झगा, डोक्यावर झोपायची टोपी, हातात मेणबत्ती. रात्रीच्या गावातून तो एकटाच धावत सुटला आहे. दारं-खिडक्या वाजवत घरोघरी चौकशी करतो आहे, की मुलं निजली की नाहीत, आठ तर कधीच वाजले. याचं नाव वी विली विंकी. आपल्याकडच्या इंग्रजी नर्सरीतल्या बाईसुद्धा हे गाणं घेतात ते मुलांना वेळेवर झोपायची सवय लागावी म्हणून. गाण्याच्या वर किंवा खाली कवीचं नाव बहुधा नसतं. ‘पारंपरिक’ म्हटलं की काम भागतं.

पण या गाण्याला आई-बाप, गाव आणि साल, सगळं आहे. ते पहिल्यांदा छापलं गेलं १८४१ मध्ये, ग्लासगो शहरात, ‘व्हिसल-बिंकी’ नावाच्या गीतसंग्रहात. लिहिणारा विल्यम मिलर तेव्हा तिशीतला. लाकूड कातून वस्तू घडवणारा कारागीर, म्हणजे आपल्याकडे ज्याला कातारी म्हणतात तो. त्याला व्हायचं होतं शस्त्रवैद्य, पण तरुणपणातल्या आजारपणाने ते राहून गेलं आणि तो कातकामाच्या उमेदवारीला लागला. या धंद्यात त्याचा हात चांगला बसला होता. गाणी त्याने हा धंदा सांभाळूनच लिहिली, आणि ती लिहिली स्कॉट्समध्ये, घरात-गल्लीत बोलतात त्या भाषेत. इंग्रजी पुस्तकी माणसाला ज्या बोलीचे निम्मे शब्द कळणार नाहीत, त्या बोलीत.

मूळ गाणं पाच कडव्यांचं आहे. आपल्या नर्सरीत पोचतं ते फक्त पहिलं. उरलेली चार कडवी वाचली की हे गाणं शिस्तीचं आहे ही समजूत पार बदलते.

पहिल्या कडव्यात विली येतो, दवंडी देतो आणि विचारतो. दुसऱ्या कडव्यापासून त्याला उत्तर मिळतं, आणि ते देते आई. ती त्याला घरातलं चित्र सांगते. एकाच खोलीत मांजर आहे, कोंबडी आहे, कुत्रा आहे. कोंबडी निजली आहे, मांजर तिच्याजवळ गुरगुरतं आहे, कुत्रा जमिनीवर हातपाय पसरून पडला आहे. जागा आहे तो एकटा हिचा मुलगा. तिसऱ्या कडव्यात त्याचे पराक्रम येतात. डोळे चंद्रासारखे टक्क उघडे, हातात लोखंडी चमचा, समोर लोखंडी भांडं, आणि चाललेला ठणठणाट. मधूनच कोंबड्यासारखा आरवतो, मधूनच किंचाळतो, निजलेल्यांना उठवतो. चौथ्यात आईने त्याला मांडीवर घेतलं आहे आणि तो ईल माशासारखा तिच्या हातून निसटतो आहे. निसटून गेला तो थेट मांजराचा कान ओढायला. विलीला ती हाका मारते आहे, आणि कडव्याच्या शेवटी म्हणते, बघ, तो आला.

पाचवं कडवं सगळ्यात महत्त्वाचं. तिथे आई स्वतःबद्दल बोलते. अजून धड एकट्याने धावता न येणारं हे गुटगुटीत पोर रोज रात्री झोपेशी भांडण मांडतं, आणि ते भांडण संपेपर्यंत ती थकून जाते. मग त्याच्या ओठांचा एक मुका मिळतो आणि तेवढ्यावर ती पुन्हा उभी राहते. गाणं इथे संपतं. मूल झोपलं की नाही हे मिलर सांगतच नाही.

मला हे गाणं इतकं आवडतं ते या शेवटामुळे. एका कातकाम्याने, पुरुषाने, रात्री उशिरा मांडीवर वळवळणारं पोर सांभाळणाऱ्या बाईच्या तोंडी गाणं घातलं, आणि त्यात तिच्या दमणुकीला जागा दिली. ग्लासगोत तेव्हा कष्टकऱ्यांची कितीतरी कुटुंबं एकाच खोलीत राहत. त्या खोलीत मूल जागं म्हणजे सगळं घर जागं. सकाळी कामावर जायचं असलेला बाप, शेजारची भावंडं, भिंतीपलीकडचे लोक, सगळ्यांची झोप त्या लोखंडी चमच्याच्या टोकाशी बांधलेली. मुलाने वेळेवर झोपावं ही तिथे घराची निकड होती.

गाणं दक्षिणेला इंग्लंडमध्ये गेलं तेव्हा स्कॉट्स शब्द इंग्रजी झाले. तेवढ्याने भागलं असतं, पण आणखी एक बदल झाला, आणि तो फार बोलका आहे. मूळ गाण्यात विली दहाची वेळ सांगतो. इंग्रजी पाठात दहाचे आठ झाले. ग्लासगो बरंच उत्तरेला आहे, जूनमध्ये तिथे रात्री नऊनंतरही आकाशात उजेड रेंगाळतो. कष्टकरी घरातलं मूल दहाला जागं असणं यात नवल काहीच नव्हतं. पण इंग्लंडातल्या सुखवस्तू घरात मुलांची खोली वेगळी, सांभाळायला दाई वेगळी, आणि दिवा मालवायची वेळ ठरलेली. त्या खोलीला आठच सोयीचे होते. मग उरलेल्या चार कडव्यांची गरजही संपली. आईची कैफियत गळाली आणि दवंडी तेवढी उरली.

विली विंकी हे नाव काही मिलरने शोधलेलं नाही. इंग्लंड-स्कॉटलंडच्या गादीवर बसलेला तिसरा विल्यम राजा अनेक स्कॉट लोकांना डोळ्यासमोर नको होता, आणि त्याच्या विरोधकांच्या जॅकोबाइट गाण्यांत त्याला चिडवायला हे नाव वापरलेलं आढळतं. मिलरच्या गाण्यात राजकारणाचा मागमूस नाही. त्याने नाव तेवढं उचललं आणि त्याला गावाची रात्र दिली. युरोपातल्या जुन्या शहरांत रात्री ठरल्या वेळी घंटा होई, चुलीतला विस्तव झाकायचा, दारं लावायची, पहारेकरी तासाची हाळी देत फिरत. मोठ्यांच्या गावातला हा पहारेकरी मिलरने मुलाएवढा लहान केला. मुलाला दटावायला मोठा बाप्या आला असता तर मूल रडलं असतं. आपल्याच वयाचा, झोपायच्याच कपड्यात बाहेर पडलेला एक जण आला, तर त्याची गंमत वाटते. बुवा, बागुलबुवा यांच्या नावाने पोरांना पांघरुणात दडपणाऱ्यांनी हा फरक जरूर पाहावा.

योगायोग असा, की १८४१ सालच्या अखेरीलाच डेन्मार्कमध्ये हान्स अँडरसनची ओले लुकओयेची गोष्ट छापली गेली. हा बुटका मुलांच्या डोळ्यांत हळूच काहीतरी शिंपडतो, मानेमागे फुंकर घालतो आणि गोष्टी सांगतो. एकाच वर्षात दोन देशांत दोन झोपेचे दूत. एक हाळी देणारा, दुसरा चोरपावलांचा.

आपल्या अंगाईत असा दूत नाही, घड्याळही नाही. पण मिलरच्या दुसऱ्या कडव्यातली युक्ती मात्र अगदी आपली आहे. मधुसूदन कालेलकरांनी ‘बाळा गाऊ कशी अंगाई’ या १९७७ च्या चित्रपटासाठी लिहिलेलं आणि सुमन कल्याणपुरांनी गायलेलं ‘निंबोणीच्या झाडामागे’ आठवावं. चंद्र निजला, गाय निजली, चिमणी निजली, राहिलास तू. ग्लासगोची कोंबडी आणि कुत्रा तेच सांगतात. निजलेल्यांची यादी करायची, एकेक नाव सावकाश घ्यायचं, आवाज दर ओळीला खाली आणायचा. ज्यांनी मूल थोपटलं आहे त्यांना हे ठाऊक आहे, की यादी लांबली तरी चालतं, मात्र तिचा क्रम बदलून चालत नाही.

विलीचा आपल्याकडचा प्रवास मात्र अंगाईच्या वाटेने झाला नाही, तो रेल्वेच्या वाटेने झाला. १८८८ मध्ये अलाहाबादच्या ए. एच. व्हीलर कंपनीने रेल्वे प्रवाशांसाठी काढलेल्या स्वस्त पुस्तकमालेत रुडयार्ड किपलिंगचं ‘वी विली विंकी’ आलं. व्हीलर म्हणजे मुंबईच्या लोकल स्टेशनांवर ज्यांच्या स्टॉलवरून आपण पेपर घेतला तेच. गोष्टीतला सहा-सात वर्षांचा मुलगा सरहद्दीवरच्या छावणीतल्या कर्नलचा. त्याने हे नाव बालगीतांच्या पुस्तकातून स्वतःच घेतलं आहे. किपलिंगचा जन्म मुंबईचा, १८६५ चा, वडील जे. जे. कलाशाळेत शिकवणारे. आत्मचरित्रात तो सांगतो, की दुपारच्या उन्हात झोपण्याआधी आया किंवा मीता नावाचा नोकर आपल्याला गोष्टी सांगे, इथली बाळगाणी म्हणे, आणि ती आपण विसरलो नाही. आया पोर्तुगीज रोमन कॅथलिक होती असंही तो लिहितो. म्हणजे विली विंकीला भारतात आणणारा लेखक स्वतः लहानपणी निजला तो मुंबईतल्या आयेच्या आणि नोकराच्या गाण्यांवर.

पुढे १९८१ मध्ये सलमान रश्दींच्या ‘मिडनाइट्स चिल्ड्रन’मध्ये विली विंकी पुन्हा अवतरला, या वेळी मुंबईत. तिथे तो अकॉर्डियन वाजवत श्रीमंतांच्या बंगल्यांसमोर संध्याकाळी गाणारा गरीब माणूस आहे. झोप या विषयाशी त्याचा संबंध उरलेला नाही, पण दिवस कलला की घरोघर फिरायचं हे त्याचं मूळ काम रश्दींनी राखलं आहे.

आता प्रश्न असा, की या गाण्याने मूल खरंच वेळेवर झोपतं का? एकट्या गाण्याने झोपत नाही. जोडी मिंडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ७ महिने ते ३ वर्षं वयाची मुलं आणि त्यांच्या ४०५ आया त्यात होत्या. काही आयांना दोन आठवडे रोज रात्री एकच क्रम पाळायला सांगितला: अंघोळ, अंगाला मालीश, मग अंगाईसारखं काही शांत, आणि अंघोळीनंतर अर्ध्या तासात दिवा बंद. मुलं लवकर झोपू लागली, रात्री कमी वेळा उठू लागली. अभ्यासाला पैसा बाळांची तेलं-साबण विकणाऱ्या कंपनीचा होता हे विसरू नये. पण पुढे २०१५ मध्ये भारतासह अनेक देशांतल्या दहा हजारांहून जास्त आयांच्या माहितीतही हेच दिसलं, की आठवड्यातल्या जितक्या जास्त रात्री तोच क्रम पाळला जातो, तितकी झोप सुधारते. अंघोळ, तेल, अंगाई हा क्रम आपल्या आज्यांना सांगावा लागला नसता.

पहिल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट मोजली होती, ती म्हणजे आईची मनःस्थिती. मूल ठरल्या क्रमाने झोपू लागल्यावर आयांचा ताण, चिडचिड आणि थकवा कमी झाला. मिलरचं पाचवं कडवं ज्याबद्दल होतं, ते १६८ वर्षांनी तक्त्यात आलं.

क्रम इतका का लागतो, याचं कारण साधं आहे. तीन वर्षांच्या मुलाला घड्याळ कळत नाही. आठ वाजले या वाक्याला त्याच्या लेखी काही अर्थ नाही. पण तोंड धुतलं, कपडे बदलले, मग विली आला, मग दिवा गेला, हे त्याला आठवड्याभरात पाठ होतं, आणि विली आला की पुढे काय येणार हे त्याच्या अंगाला कळायला लागतं. गाणं हेच त्याचं घड्याळ. म्हणून ते दुपारी खेळताना टाळ्या पिटत म्हणण्यापेक्षा रात्री, रोज त्याच जागी, हळू आवाजात म्हटलेलं बरं. नर्सरीतल्या बाई ते शिकवतील. पण ते कामाला लागतं घरी.

दिव्याकडेही पाहायला हवं. विलीच्या हातातली मेणबत्ती चित्रकारांनी शोभेला दिली असेल, तरी ती नेमकी आहे. कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी ३ ते ५ वर्षांच्या दहा मुलांना निजण्याआधी तासभर झगझगीत उजेडात खेळायला बसवलं, तेव्हा झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन सुमारे ८८ टक्क्यांनी दबलं. टीव्हीची मालिका, ट्यूबलाइट आणि मोबाइल चालू असलेल्या खोलीत कोणतंही गाणं हरतं.

आणि वेळ? १७ देशांतल्या तीन वर्षांखालच्या २९,२८७ मुलांची माहिती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात झोपायची सरासरी वेळ न्यूझीलंडमध्ये ७ वाजून २७ मिनिटं, तर हाँगकाँगमध्ये १० वाजून १७ मिनिटं होती. इंग्रजी विलीचे आठ आणि स्कॉटिश विलीचे दहा दोन्ही आजही जगात चालू आहेत. आपण बहुतेक दहावाले. बाप लोकलने नऊ-साडेनऊला घरी येतो, त्याला मुलाचं तोंड बघायचं असतं. मुलाला आठला झोपवणं म्हणजे बापलेकांची भेट तोडणं. त्यामुळे आठचा हट्ट मला पटत नाही. पण हिशेब चुकवता येत नाही. ३ ते ५ वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून १० ते १३ तास लागतात असं अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलं. रात्री दहाला झोपून सकाळी साडेसहाला शाळेच्या बससाठी उठणाऱ्या मुलाचे साडेआठच तास होतात. उरलेले दीड-दोन दुपारी मिळायलाच हवेत. ते मिळत नसतील, तर घरातली रात्र अर्धा-अर्धा तास अलीकडे ओढावी लागेल, आणि त्यात मोठ्यांचं जेवण आणि मालिकाही आल्या.

मिलरचे शेवटचे दिवस हलाखीत गेले. पायाच्या व्रणाने काम सुटलं आणि १८७२ मध्ये तो वारला. त्याला टोलक्रॉसच्या दफनभूमीत पुरलं. नंतर लोकांनी वर्गणी काढून ग्लासगोच्या नेक्रोपोलिस टेकडीवर त्याचं स्मारक उभारलं, आणि त्यावर त्याला बाळघराचा राजकवी म्हटलं आहे. त्याचं हे गाणं शिकवायचंच असेल तर नर्सरीतल्या बाईंना माझी एक विनंती आहे. पहिलं कडवं मुलांना शिकवा, आणि जूनमधल्या पहिल्या पालकसभेत पाचव्याचा अर्थ आयांना सांगा. बाप आले असतील तर त्यांनाही.