संगणकीय विषाणुशोधन
वैयक्तिक संगणकातील फायली व चकत्या तपासून त्यांत शिरलेले विषाणू, म्हणजे स्वतःच्या प्रती इतरत्र घुसविणाऱ्या आज्ञावली, ओळखण्याची प्रक्रिया. १९८६ मध्ये लाहोर येथे तयार झालेला ‘ब्रेन’ हा विषाणू फ्लॉपी चकतीच्या आरंभखंडात वसे. तो खंड वाचू पाहणाऱ्यास तो मूळ, निर्दोष खंडच दाखवी. त्यामुळे तपासणीपूर्वी संगणक स्वच्छ चकतीवरून सुरू करणे आवश्यक ठरले. शोधक आज्ञावली ज्ञात विषाणूंतील विशिष्ट बाइटक्रम फायलींत शोधते. १९९० च्या सुमारास प्रत्येक प्रतीत रूप पालटणारे विषाणू आले व ही पद्धती अपुरी पडली; तेव्हा संशयित आज्ञावली कृत्रिम परिसरात चालवून तिचे वर्तन पारखण्यात येऊ लागले. पुण्यात संजय काटकर यांनी १९९० च्या दशकात ‘क्विक हील’ ही शोधक आज्ञावली तयार केली. तथापि प्रत्येक विषाणू अचूक ओळखणारी सर्वसाधारण रीती असू शकत नाही, हे अमेरिकन शास्त्रज्ञ फ्रेड कोहेन यांनी १९८० च्या दशकातच सिद्ध केले होते. म्हणून शोधन कितीही सुधारले, तरी महत्त्वाच्या फायलींच्या प्रती वेगळ्या ठेवणे अपरिहार्य राहते.